चार महानगरांचं टपाल मध्यरात्री नागपुरात भेटायचं, आणि ते एका मंत्र्याच्या हट्टामुळे

मुंबई ते कोलकाता हे हवाई अंतर आज नेटवर शोधलं तर उत्तर येतं साधारण १,६६० किलोमीटर. दिल्ली ते चेन्नई शोधलं तर साधारण १,७६० किलोमीटर. आता नकाशा घ्या, पट्टी ठेवा आणि या दोन्ही रेषा ओढा. त्या एकमेकींना छेदतात ती जागा येते आपल्या विदर्भात, वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात.

शाळेतल्या पोरालाही दिसेल अशी ही गोष्ट. पण तिचा उपयोग करून देशाचं टपाल एका रात्रीत इकडचं तिकडे पोचवता येईल, हे १९४९ साली प्रत्यक्षात उतरलं ते एका मंत्र्याच्या हट्टामुळे.

तो मंत्री वैमानिक नव्हता. इंजिनियर नव्हता. वकिलीचं शिक्षणही त्याने अर्धवट सोडलेलं होतं.

त्यांचं नाव रफी अहमद किडवई.

मुंबईकरांना हे नाव शिवडी-वडाळ्याच्या रस्त्यामुळे माहिती असतं. आरएके मार्ग म्हणून रोज पत्ता सांगितला जातो, पण हे आरएके कोण, हे विचारलं की बरेच जण गप्प होतात. नागपुरातही तेच. सोनेगावच्या विमानतळावर चोवीस वर्षांहून जास्त काळ रोज रात्री जो खेळ चालायचा तो जुन्या लोकांना आठवतो, पण तो सुरू करणारा माणूस फारसा आठवत नाही.

तर आज त्यांचीच गोष्ट.

बाराबंकीचा मुलगा आणि १८ फेब्रुवारीची तारीख

किडवई यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ चा. गाव मसौली, जिल्हा बाराबंकी, म्हणजे लखनौच्या शेजारचा भाग. घराणं जमीनदाराचं. वडील इम्तियाज अली सरकारी नोकरीत होते. रफींच्या वाढीत मोठा वाटा होता तो काका विलायत अली यांचा. हे काका बाराबंकीत वकिली करायचे आणि मौलाना मोहम्मद अली यांच्या कॉम्रेड या इंग्रजी साप्ताहिकात बंबूक या टोपणनावाने विनोदी लेख लिहायचे. म्हणजे घरात कायदाही होता, राजकारणही होतं आणि थट्टाही होती.

रफींच्या वाढदिवसाची तारीख लक्षात ठेवा, कारण तिच्याशी एक गंमतीदार योगायोग जोडलेला आहे.

१८ फेब्रुवारी १९११ रोजी, म्हणजे रफी बरोबर सतरा वर्षांचे झाले त्या दिवशी, त्यांच्याच प्रांतात अलाहाबादला आँरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सहा हजारांहून जास्त पत्रं भरलेली टपालाची थैली घेऊन उड्डाण केलं. यमुना ओलांडून तो नैनीला उतरला. अंतर जेमतेम दहा किलोमीटर आणि वेळ साधारण तेरा मिनिटं. जगातली पहिली अधिकृत हवाई टपाल सेवा म्हणून इतिहासात नोंद झाली ती या उड्डाणाची.

त्या दिवशी बाराबंकीतल्या त्या पोराला याचा पत्ताही नसेल. पण हवाई टपालाचं पुढचं मोठं पान त्याच्याच हाताने लिहिलं जाणार होतं.

तुरुंग, मोतीलाल नेहरू आणि माणसं जोडण्याची कला

बाराबंकीत शालेय शिक्षण झाल्यावर रफी अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात गेले. १९१८ साली बीए झाले आणि एलएलबीला बसण्याची तयारी सुरू केली. तेवढ्यात खिलाफत आणि असहकाराची लाट आली. रफींनी कायद्याचा अभ्यास सोडला, चळवळीत उडी घेतली आणि तुरुंगात गेले.

बाहेर आल्यावर ते मोतीलाल नेहरूंचे खासगी सचिव झाले. आनंद भवनातल्या या नोकरीने त्यांना राजकारणाची आतली यंत्रणा शिकवली. कुणाला कधी भेटायचं, कुणाची अडचण काय, कोण कशाने राजी होतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं. १९२६ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळात निवडून गेले आणि तिथे स्वराज पक्षाचे प्रतोद झाले. प्रतोदाचं काम म्हणजे वेगवेगळ्या दिशेने जाणाऱ्या माणसांना ठरलेल्या वेळी एका ठिकाणी हजर करणं.

नागपूरची गोष्ट कळायला हे वाक्य ध्यानात ठेवलेलं बरं.

सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी रायबरेलीत शेतकऱ्यांची साराबंदी चळवळ उभी केली. स्वतः जमीनदाराच्या घरातला माणूस कुळांना खंड भरू नका म्हणून सांगत फिरत होता. १९३७ ला गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात ते महसूल आणि तुरुंग खात्याचे मंत्री झाले. कुळांना जमिनीवर वारसाहक्क देणाऱ्या १९३९ च्या उत्तर प्रदेशातल्या कुळकायद्यामागे त्यांचीच मेहनत होती. १९४६ ला ते प्रांताचे गृहमंत्री झाले.

आणि मग १९४७ आलं.

फाळणीच्या दंगलींत त्यांचे धाकटे भाऊ शफी अहमद किडवई मसुरीत मारले गेले. शफी तिथल्या नगरपालिकेचा कारभार पाहत होते आणि दंगल पेटल्यावरही जागा सोडून गेले नव्हते. शफींच्या पत्नी अनीस किडवई यांनी पुढे दिल्लीच्या निर्वासितांच्या छावण्यांत काम केलं. रफींकडे तेव्हा दिल्लीत नवं खातं होतं. भाऊ गेला त्याच दिवसांत हा माणूस मोडलेल्या देशाच्या तारा, टेलिफोन आणि टपाल जोडत बसला होता.

एकाच टेबलावर पत्रंही आणि विमानंही

स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री म्हणून किडवईंकडे जे खातं आलं त्यात टपाल होतं, तार होती, टेलिफोन होता आणि नागरी विमान वाहतूकही होती.

आज ही खाती वेगवेगळ्या मंत्र्यांकडे असतात. तेव्हा पत्रांची फाइल आणि विमानांची फाइल एकाच टेबलावर यायची. या एका गोष्टीने बरंच काही सोपं झालं.

त्यावेळची विमानांची परिस्थिती काय होती? दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन लष्कराची डकोटा विमानं भारतात पडून होती. ती स्वस्तात विकली गेली. दोन इंजिनांचं हे दणकट विमान घेऊन देशात भराभर विमान कंपन्या निघाल्या. फाळणीत निर्वासितांना हलवायला आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य पोचवायला याच खासगी कंपन्यांची डकोटा कामी आली. पण धामधूम संपल्यावर चित्र वेगळं होतं. विमानं भरपूर आणि प्रवासी कमी. जी होती ती विमानंही दिवसा उडायची आणि रात्री धावपट्टीच्या कडेला नुसती उभी असायची.

दुसरीकडे टपालाचं काय? मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारा रेल्वेचा रस्ता जवळपास १,९७० किलोमीटरचा. दिल्लीहून मद्रासचा त्याहून लांब. पत्र रेल्वेने गेलं की दीड-दोन दिवस प्रवासातच जायचे, मग छाननी आणि वाटप. विमानाने पाठवायचं तर जादा शुल्क. म्हणजे हवाई टपाल ही पेढीवाल्यांची आणि साहेबांची चैन होती. सामान्य माणसाचं पत्र गाडीनेच जायचं.

किडवईंनी या दोन अडचणी एकमेकींसमोर ठेवल्या. रात्री विमानं रिकामी असतात. रात्री पत्रंही झोपलेली असतात. मग दोघांना एकत्र का आणू नये?

आता जरा गणित करू

दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी चार शहरं. प्रत्येक शहराचं टपाल उरलेल्या तिन्ही शहरांत सकाळपर्यंत पोचवायचंय.

सरळ विचार केला तर शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत जाणं आणि येणं धरलं तर एका रात्रीत बारा उड्डाणं. ही सगळी अंतरं मिळवली तर रोज रात्री साडेसोळा हजार किलोमीटर उडावं लागेल. पुन्हा दिल्ली-मद्राससारख्या १,७६० किलोमीटरच्या टप्प्यात डकोटाला इंधनाचा विचार करावा लागणार, तो वेगळाच.

आता मधे नागपूर ठेवा.

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. दिल्ली ते नागपूर ८५०. मद्रास ते नागपूर ९१०. कलकत्ता ते नागपूर ९८०. चारही शहरांतून एकेक विमान नागपूरला येईल, थैल्यांची अदलाबदल होईल आणि प्रत्येक विमान आपापल्या घरी परत जाईल. विमानं लागली फक्त चार. एकूण उड्डाण ६,८४० किलोमीटर. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

वेळेचं काय? डकोटा ताशी साधारण २७० किलोमीटरने जायचं असं धरू. मुंबईहून नागपूर अडीच तास, दिल्लीहून सव्वातीनच्या आत, मद्रासहून साडेतीनच्या आत आणि कलकत्त्याहून पावणेचारच्या आत. सगळ्यांनी रात्री एकला नागपुरात भेटायचं ठरवलं तर कलकत्त्याचं विमान सव्वानऊच्या सुमाराला निघायला हवं आणि मुंबईचं साडेदहाला निघालं तरी चालेल. तासाभरात थैल्या बदलल्या की दोन वाजता परत. उजाडायच्या आत चारही विमानं घरी.

हे त्या काळचं वेळापत्रक नाही, आपण केलेला हिशोब आहे. पण रात्रीच्या टपाल सेवेची घडी अशाच हिशोबावर बसवलेली होती.

यात एक गोष्ट मजेशीर आहे. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या दोन जोड्यांसाठी नागपूर इतकं वाटेवर येतं की वळसा जवळपास पडतच नाही. मुंबई-दिल्लीला मात्र तो पडतो. सरळ गेलं तर साधारण १,१४० किलोमीटर आणि नागपूरवरून गेलं तर १,५३०. म्हणजे जवळपास चारशे किलोमीटर जास्त आणि डकोटाने दीड तास जादा.

पण पत्राला त्याने काय फरक पडतो? संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र रात्री दोनला पोचलं काय आणि पहाटे पाचला पोचलं काय, पोस्टमन सायकल काढणार तो सकाळीच. माणसाला जवळचा रस्ता हवा असतो. पत्राला फक्त सकाळ गाठायची असते. किडवईंच्या योजनेचं सगळं मर्म या फरकात होतं.

नागपूरला हा मान मिळाला तो नुसत्या नकाशामुळे नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडची ही तेव्हाची राजधानी. सोनेगावची धावपट्टी पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनची. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सने ती लांबच्या उड्डाणांतला थांबा म्हणून वापरली होती आणि इंग्रज गेल्यावर ती भारत सरकारकडे आली. म्हणजे जागा होती, धावपट्टी होती. कामाला लागायचं तेवढं बाकी होतं.

जेआरडींनी विरोध केला

पण हे इतकं सोपं नव्हतं. आणि अवघड आहे असं सांगणारा माणूसही साधासुधा नव्हता.

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला स्वतः विमान चालवत टपाल आणलं होतं. भारतीय विमान कंपनीच्या नियमित हवाई टपालाचा जन्म त्या उड्डाणातून झाला. म्हणजे पत्रं विमानाने कशी न्यायची हे या देशात ज्यांना सगळ्यात जास्त कळत होतं, तेच किडवईंच्या योजनेला विरोध करत होते.

जेआरडींचं म्हणणं रास्त होतं. दिवसा उडणं वेगळं आणि रात्री उडणं वेगळं. रात्री वैमानिकाला खालची नदी दिसत नाही, रेल्वेचे रूळ दिसत नाहीत. त्याला लागतात धावपट्टीवरचे दिवे, रेडिओचे संकेत, हवामानाची ताजी खबर आणि एखाद्या ठिकाणी उतरता आलं नाही तर जवळ दुसरी धावपट्टी. ही सोय देशात पुरेशी नव्हती. शिवाय टपालाच्या पैशातून रात्रीच्या फेऱ्यांचा खर्च निघेल का, हाही प्रश्न होता. कंपन्या आधीच तोट्यात होत्या.

किडवई मागे हटले नाहीत. मोठ्या कंपन्या तयार नसतील तर दुसऱ्या कुणाला काम देऊ, अशी त्यांची भूमिका होती. हा वाद बंद खोलीत राहिला नाही, वर्तमानपत्रांपर्यंत गेला. शेवटी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या छोट्या कंपनीने काम घेतलं.

३० जानेवारी १९४९. गांधीजींच्या हत्येला बरोबर एक वर्ष झालं होतं. त्या रात्रीपासून नागपूरच्या आकाशात चार दिशांनी विमानांचा आवाज यायला लागला.

आणि जेआरडींची शंका खोटी नव्हती हेही लवकरच दिसलं. काही महिन्यांतच ती कंपनी डबघाईला आली आणि सेवा बंद पडली. मग हिमालयन एव्हिएशन या दुसऱ्या कंपनीला घेऊन त्याच वर्षी ती पुन्हा सुरू करण्यात आली. विमान कंपन्यांची एकूण अवस्था तपासायला सरकारने १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. देशाला पेलवतील त्यापेक्षा जास्त कंपन्यांना परवाने दिले गेलेत, हे त्या समितीने नोंदवलं.

थोडक्यात, व्यवहाराच्या बाबतीत जेआरडी बरोबर होते. लोकांना काय हवंय, या बाबतीत किडवई बरोबर होते.

पोस्टातल्या साध्या पत्राला विमान मिळालं

या योजनेचा खरा अर्धा भाग दोन महिन्यांनी आला.

१ एप्रिल १९४९ पासून ऑल-अप योजना लागू झाली. जिथे विमानाने टपाल लवकर पोचणार असेल तिथे देशातली पत्रं जादा शुल्क न घेता विमानानेच पाठवायची, असा हा नियम. वेगळं पाकीट नको, निळी चिठ्ठी चिकटवायला नको, खिडकीवर जादा आणे मोजायला नकोत. नेहमीचं तिकीट लावा आणि पेटीत टाका.

जरा विचार करा, याचा अर्थ काय होता. विमानाचं तिकीट परवडणारी माणसं तेव्हा देशात मोजकी होती. पण गिरणगावातल्या खोलीत बसून लिहिलेलं पत्र मात्र त्याच विमानात बसून कलकत्त्याला जाऊ शकत होतं. लिहिणारा जन्मात विमानतळावर गेला नसेल, पण त्याचं अक्षर नागपूरला विमान बदलून पुढे जायचं.

किडवईंच्या काळात टेलिफोनचीही ओन युअर टेलिफोन ही योजना निघाली. फोन हवा असणाऱ्याने एकरकमी पैसे भरायचे आणि त्या पैशातून खात्याने यंत्रणा वाढवायची. टेलिफोन देशातच बनावेत म्हणून १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना उभा राहिला. पण लोकांच्या तोंडी नाव झालं ते रात्रीच्या टपालाचं.

त्या रात्रींची किंमत

१ ऑगस्ट १९५३ रोजी सरकारने देशांतर्गत विमान कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन केलं आणि रात्रीची सेवा तिच्याकडे आली. थैल्यांसोबत प्रवासीही असायचे. मध्यरात्री नागपूरला उतरायचं, विमान बदलायचं आणि पहाटे दुसऱ्या महानगरात पोचायचं, अशी ही सोय होती.

१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासला निघालेलं डकोटा उड्डाण केल्यावर लगेच विमानतळाजवळच कोसळलं. विमानातल्या १४ जणांपैकी १३ जण गेले. वाचला तो फक्त वैमानिक.

कागदावर चार रेषा आणि मधे एक ठिपका एवढंच दिसतं. प्रत्यक्षात त्या प्रत्येक रेषेवर पावसाळ्याचे ढग असायचे, खाली सातपुडा किंवा छत्तीसगडची जंगलं असायची आणि डकोटाची केबिन हवाबंद नसल्याने ढगांच्या वर जायचीही सोय नसायची. सकाळी दारात पडणाऱ्या पत्रामागे कुणाची तरी अख्खी रात्र पणाला लागलेली असायची. किडवईंच्या हट्टाचं कौतुक करताना हा हिशोबही मांडायलाच हवा.

मंत्रीपद सोडलं, परत आले आणि रेशन बंद केलं

अपघाताच्या वेळी किडवई त्या खात्यात नव्हते.

१९५१ मध्ये काँग्रेसमध्ये पुरुषोत्तमदास टंडन आणि नेहरू यांच्यात ताणाताणी झाली. किडवईंनी पक्ष सोडला, मंत्रीपद सोडलं आणि आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाच्या बाजूला गेले. काही महिन्यांत नेहरू स्वतः पक्षाध्यक्ष झाले आणि किडवई परत आले. त्यांचे विरोधक त्यांना गटबाजीत मुरलेला माणूस म्हणायचे, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. मोतीलालांच्या घरात शिकलेली विद्या ते कधी विसरले नाहीत.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर त्यांच्याकडे अन्न आणि शेती खातं आलं. महायुद्धापासून देशात रेशन चालू होतं. धान्यावरची बंधनं उठवली तर भाव भडकतील, साठेबाज माजतील, अशी भीती सगळ्यांना होती. मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांनी जून १९५२ मध्ये रेशन उठवायचं धाडस केलं तेव्हा दिल्लीतून पाठीशी उभे राहिले ते किडवई. पुढच्या दोन वर्षांत धान्यावरची बहुतेक बंधनं टप्प्याटप्प्याने उठली. पावसानेही साथ दिली.

इथेही पद्धत तीच होती. तज्ज्ञ सांगायचे थांबा, आधी सगळी सोय होऊ दे. किडवई म्हणायचे सुरू करा, सोय पाठोपाठ येईल. हा जुगार टपालात अर्धा जिंकला आणि धान्यात जवळजवळ पूर्ण.

२४ ऑक्टोबर १९५४. दिल्लीत एका सभेत भाषण करताना त्यांचा दमा उफाळला आणि त्याच दिवशी हृदय बंद पडून ते गेले. वय साठ. मुलगा लहानपणीच वारलेला. मागे राहिलं ते कर्ज आणि मसौलीतलं जुनं घर. आयुष्यभर हातात आलेला पैसा त्यांनी गरजूंना वाटला होता. शेती संशोधनासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने पुढे त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

एकाच वर्षी नागपुरात शेवट आणि अमेरिकेत सुरुवात

किडवई गेल्यावरही नागपूरची मध्यरात्रीची भेट चालूच राहिली. डकोटाच्या जागी चार इंजिनांची स्कायमास्टर आली. १९६४ ला इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल जेट आली आणि पुढे बोईंग ७३७. मुंबई-दिल्ली हा पल्ला दोन तासांवर आला, फेऱ्या वाढल्या, पत्रांना सरळ दिवसाचं विमान मिळायला लागलं. मधे नागपूरला भेटायची गरज कमी होत गेली आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये रात्रीची ही सेवा थांबली.

त्याच वर्षी, १७ एप्रिल १९७३ ला, अमेरिकेत फ्रेड स्मिथ नावाच्या तरुणाने मेम्फिस शहरातून एक कंपनी सुरू केली. १४ छोटी विमानं, २५ शहरं आणि पहिल्या रात्री १८६ पार्सलं. सगळी पार्सलं रात्री मेम्फिसला आणायची, तिथे छाटायची आणि सकाळच्या आत आपापल्या शहरात पोचवायची. त्या कंपनीचं नाव फेडरल एक्स्प्रेस, म्हणजे आजची फेडेक्स. ही पद्धत आपल्या आधी कुणी वापरली हे सांगताना स्मिथ यांनी पुढे भारतीय टपाल खात्याचंही नाव घेतलं होतं.

मेम्फिसमध्ये जे एप्रिलमध्ये सुरू झालं, ते नागपुरात चोवीस वर्षं चालून ऑक्टोबरमध्ये बंद झालं.

आज सोनेगावचा विमानतळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ या नावाने ओळखला जातो. त्याच्या शेजारी मिहान प्रकल्प आहे, विमानांची देखभाल करणारं केंद्र आहे आणि नागपूरला मालवाहतुकीचं मोठं केंद्र करायचं, ही चर्चा गेली वीस वर्षं ऐकू येतेय. त्यासाठी जे कारण दिलं जातं ते जुनंच आहे. नागपूर मधोमध आहे.

पण नागपूर मधोमध आहे हे तर नकाशा काढणाऱ्यांना कधीपासून माहिती होतं. नुसतं मधे असून काही होत नाही. चार दिशांची विमानं एकाच वेळी तिथे यायला लावणारा कुणीतरी लागतो, आणि त्यासाठी टपाल, विमानं, दिवे, हवामान आणि पैसे अशा पाच जणांना एका टेबलावर बसवावं लागतं. किडवईंनी उभं आयुष्य तेच केलं होतं.

पुढच्या वेळी आरएके मार्गावरून जाताना पाटीवरचं पूर्ण नाव नक्की वाचा. आणि नागपूरहून रात्रीचं विमान पकडलंत तर लक्षात असू द्या, याच धावपट्टीवर कधीकाळी दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास तासाभरासाठी एकमेकांना भेटत होते.